देवाच्या इच्छेवर सोपवलेली आयुष्ये : मुंबई आणि अष्टागरातील अमेरिकन मराठी मिशनची पहिली वर्षे

आपले आयुष्य, आपली माणसे, आपल्या अपेक्षा आणि अखेरीस आपले मरणही देवाच्या इच्छेवर सोडणे ही ख्रिस्ती श्रद्धेतील फार जुनी शिकवण आहे. पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने पुढ्यातले दुःख टळावे म्हणून प्रार्थना केली, तरी शेवटचा निर्णय पित्यावर सोपवला. ही शिकवण त्या प्रसंगावर उभी आहे. कोकणच्या किनाऱ्याला ती नवी नव्हती. चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज अमदानीत कॅथलिक मठ आणि चर्चे होती. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन बंधू १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मरण पावले आणि पुढे संतपदाला पोहोचले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हीच शिकवण दुसऱ्या वाटेने, अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातून, मुंबईत आली. ती आणणाऱ्या तरुणांच्या मिशनला पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणू लागले. मुंबई बेट आणि खाडीपलीकडची मांडवा-किहीम-अलिबाग-रेवदंड्याची, म्हणजे अष्टागराची, किनारपट्टी हे त्यांचे पहिले कार्यक्षेत्र होते.

या तरुणांची मने घडली ती न्यू इंग्लंडमधील धर्मशास्त्रज्ञ जोनाथन एडवर्ड्‌स यांच्या परंपरेत. एडवर्ड्‌स यांचे शिष्य सॅम्युअल हॉपकिन्स यांनी आपल्या गुरूची शिकवण टोकाला नेली. माणसाचे मूळ पाप म्हणजे स्वार्थ, आणि खरी धार्मिकता म्हणजे स्वतःच्या लाभाचा विचार पूर्णपणे सोडून देवाच्या गौरवासाठी आणि सर्वांच्या हितासाठी जगणे, असे ते सांगत. स्वतःच्या मुक्तीची काळजी हासुद्धा स्वार्थच ठरू शकतो. म्हणून देवाच्या गौरवासाठी गरज पडली तर नरकातही जाण्याची तयारी असावी, इथपर्यंत त्यांचा युक्तिवाद जाई. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारी ही मागणी होती आणि न्यू इंग्लंडमध्येच तिच्यावर कडाडून टीका झाली. पण तरुण विद्यार्थ्यांवर तिचा परिणाम विलक्षण झाला. स्वतःसाठी काहीच राखायचे नसेल, तर घराजवळच्या सुखवस्तू चर्चमध्ये पाळक म्हणून आयुष्य का काढायचे, असा प्रश्न त्यांना पडू लागला.

मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी १८०६ च्या ऑगस्टमध्ये वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि त्यांनी परदेशी सुवार्ताकार्यासाठी प्रार्थना केली. अमेरिकेतील प्रोटेस्टंट मिशन चळवळीचा उगम याच प्रसंगात मानतात. त्याच कॉलेजातून १८०८ मध्ये पदवी घेतलेल्या गॉर्डन हॉल यांनी या विचाराला वाहून घेतले. त्यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या टोलंड गावचा. कनेक्टिकटमधल्या एका चर्चने त्यांना कायमचे पाळकपद देऊ केले होते. त्यांनी ते नाकारले. ख्रिस्ती देशात स्थिरावण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८१० मध्ये परदेशी मिशनकार्यासाठी ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था स्थापन झाली. निघण्यापूर्वी हॉल आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल न्यूवेल यांनी फिलाडेल्फियात काही काळ वैद्यकाचे धडे घेतले. हे शिक्षण हॉल यांना शेवटच्या आठवड्यापर्यंत उपयोगी पडणार होते.

सेलम गावच्या चर्चमध्ये ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अडोनिराम जडसन, सॅम्युअल न्यूवेल, सॅम्युअल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस या पाच जणांना दीक्षा देण्यात आली. त्याच महिन्यात दोन वेगवेगळ्या जहाजांतून ते कलकत्त्याकडे निघाले. परतीची कल्पना कोणाच्याच मनात नव्हती.

त्यांच्याबरोबर निघालेल्या स्त्रियांत न्यूवेल यांच्या पत्नी हॅरिएट सर्वांत लहान, अठरा वर्षांच्या होत्या. दीक्षाविधीनंतर तीन दिवसांनी त्यांचे लग्न झाले आणि दहा दिवसांनी जहाज हलले. वडील आधीच गेले होते. विधवा आईला सोडून जगाच्या दुसऱ्या टोकाला जाण्याचा निर्णय त्यांनी कसा घेतला, हे त्यांच्या डायरीतून आणि पत्रांतून कळते. त्यांत ओढाताण लपवलेली नाही. आईची आठवण, अनोळखी हवामानाची भीती आणि आपण या कामाला पात्र आहोत का ही शंका पुनःपुन्हा येते. प्रत्येक वेळी ती देवाच्या हाती दिली जाते आणि काही दिवसांनी परत डोके वर काढते. समर्पण एकदा करून संपत नाही, ते रोज नव्याने करावे लागते, याचा इतका प्रामाणिक पुरावा या मिशनच्या कागदपत्रांत दुसरा नसावा.

कलकत्त्यात पोहोचताच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. मिशनऱ्यांमुळे प्रजेत असंतोष माजेल ही कंपनीची जुनी भीती होतीच. त्यात १८१२ च्या जून महिन्यात अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध जाहीर झाले आणि हे तरुण शत्रुदेशाचे नागरिक ठरले. जडसन आणि राइस यांनी बाप्तिस्म्याविषयीचे मत बदलून बाप्टिस्ट पंथ स्वीकारला, त्यामुळे बोर्डाशी त्यांचा संबंध तुटला. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. न्यूवेल दांपत्य मॉरिशसला निघाले. वाटेत समुद्रावरच हॅरिएट यांची मुदतीपूर्वी प्रसूती झाली आणि मूल दगावले. स्वतः हॅरिएट क्षयाने खंगत गेल्या आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसला वारल्या. वय एकोणीस. हिंदुस्थानात काम करण्यासाठी निघालेल्या या बाईंना कामाचा एक दिवसही मिळाला नाही. त्यांच्या आयुष्याची हकिगत अमेरिकेत छापून निघाली तेव्हा तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या आणि ती वाचून पुढच्या पिढीतल्या अनेक मुलींनी मिशनकार्याचा रस्ता धरला.

हॉल आणि नॉट मात्र कलकत्त्याहून मुंबईच्या जहाजात चढले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला उतरले. त्यांना इंग्लंडला पाठवून द्यावे, असा कलकत्त्याचा आदेश मागोमाग आला. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना बायबल प्रसाराच्या कामाविषयी आस्था होती, पण वरून आलेला हुकूम त्यांना डावलता येईना. महिनोन्‌महिने अर्ज, मुदतवाढ आणि पुन्हा हुकूम असे चालले. नोव्हेंबरमध्ये हॉल आणि नॉट गुपचूप एका जहाजाने कोचीनला निघून गेले. तिथून त्यांना पकडून परत मुंबईत आणले. पळून जाणे योग्य होते का, यावर त्यांच्या मायदेशातल्या हितचिंतकांतही मतभेद झाले. डिसेंबर १८१३ मध्ये परतीचे जहाज निघण्याच्या बेतात असताना त्यांनी गव्हर्नरना शेवटचे पत्र लिहिले. सरकारच्या अधिकाराचा आपण मान राखतो, पण ख्रिस्ताची आज्ञा त्या अधिकाराहून मोठी आहे आणि आपल्याला बळाने काढून लावल्याचा जाब गव्हर्नरना देवापुढे द्यावा लागेल, असा त्या पत्राचा आशय होता. नेपियन यांनी रवानगी थांबवली. दरम्यान कंपनीच्या १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना परवान्यावर हिंदुस्थानात येण्याची सोय केली होती, आणि पुढच्या वर्षी कंपनीच्या संचालकांकडूनही अनुकूल निर्णय आला.

या झगड्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. देवाच्या इच्छेला शरण जाणे म्हणजे समोर येईल ते मुकाट सोसणे, असा अर्थ या माणसांनी कधीच घेतला नाही. मरण, आजार, पत्नीवियोग त्यांनी देवाची इच्छा म्हणून स्वीकारले. सरकारी हुकूम मात्र माणसाचा हुकूम होता. त्याच्याशी त्यांनी शक्य त्या सर्व मार्गांनी वाद घातला.

मार्च १८१४ मध्ये एकटे न्यूवेल सिलोनमार्गे मुंबईत आले. पुढच्याच वर्षी नॉट यांना प्रकृती बिघडल्यामुळे परत जावे लागले. राहिलेल्या दोघांनी मराठी शिकायला घेतली. हॉल रोज रस्त्यांवर, बाजारांत, देवळांजवळ आणि यात्रांच्या ठिकाणी लोकांशी मराठीतून बोलत. लोक जमत, प्रश्न विचारत, वाद घालत आणि आपापल्या वाटेने जात. या मंडळींच्या पत्रांतले हिंदू आचार-विचारांविषयीचे निवाडे कठोर आहेत आणि पुष्कळदा अपुऱ्या माहितीवरचे आहेत. ख्रिस्ताचे नाव न ऐकता मरणारा प्रत्येक माणूस कायमचा हरवतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. १८१८ मध्ये हॉल आणि न्यूवेल यांनी जगातल्या साठ कोटी अख्रिस्ती माणसांसाठी अमेरिकन चर्चला आवाहन करणारे पुस्तक लिहिले. त्यामागची घालमेल याच समजुतीतून आलेली आहे. ती बाजूला ठेवली, तर त्यांनी स्वतःला इतके का झिजवले याचा उलगडाच होत नाही.

१८१६ च्या अखेरीस होरेशियो बार्डवेल छापखान्याचे साहित्य घेऊन आले. १८१७ मध्ये मिशनच्या छापखान्यातून पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली. सेरामपूरला विल्यम केरी यांनी मराठी नवा करार आधीच छापला होता, पण तो मोडी लिपीत. अमेरिकनांनी बाळबोध लिपी पत्करली आणि ग्रीकवरून स्वतंत्र भाषांतर सुरू केले. खिळे कलकत्त्याहून आणावे लागले. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांची जुळणी करताना एकेक पान दिवसच्या दिवस खाई. मुंबईत तेव्हा मराठी पुस्तक म्हणजे हाताने लिहिलेली पोथी. अशा काळात ही मंडळी ओल्या कागदावर शाईचे छाप घेत होती. या छापखान्यात पुढे टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली खिळे पाडण्याचे काम चांगलेच सुधारले. तिथे लहान वयात कामाला लागलेल्या जावजी दादाजी यांनी नंतर स्वतःचा टाइपाचा कारखाना आणि निर्णयसागर छापखाना काढला आणि संस्कृत-मराठी ग्रंथांच्या देखण्या छपाईचा मानदंड घालून दिला. हॉल यांनी याची कल्पनाही केली नसेल. त्यांच्या मनात होता तो फक्त नवा करार.

शाळांचीही तीच गोष्ट. बायबल वाचायचे तर आधी अक्षर यायला हवे, म्हणून मिशनने मुंबईत आणि समोरच्या किनाऱ्यावर मराठी शाळा उघडल्या. खाडीपलीकडचा मुलूख तेव्हा कुलाब्याच्या आंग्र्यांचा होता. इंग्रजांनी तो खालसा केला १८४० मध्ये. मुंबईहून निघालेला मचवा वारा आणि भरती साधून मांडवा किंवा रेवस बंदराला लागे आणि पुढे पायी किंवा बैलगाडीने नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून दक्षिणेकडे जायचे. सासवणे, आवास, किहीम, नवगाव, थळ, अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा अशी गावे एकामागून एक येत. मृग लागला की समुद्र खवळे आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत. त्या काळात पलीकडच्या गावाला जायचे तर बोटीच्या रस्त्याचा भरवसा नसे. अलिबाग, चौल, रेवदंडा या भागात मिशनने शाळा चालवल्या.

या किनाऱ्यावर मिशनऱ्यांची गाठ बेने इस्राएल समाजाशी पडली. आपले पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरा सांगते. घाण्यावर तेल गाळण्याचा त्यांचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. भाषा मराठी, पोशाख आणि खाणेपिणे बरेचसे कोकणी, आडनावे गावांवरून : किहीमकर, नवगावकर, आवासकर. शब्बाथ, सुंता, काही सण आणि एका देवाची प्रार्थना एवढे त्यांनी शतकानुशतके जपले होते, पण हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी नव्हते. मिशनऱ्यांना या भेटीत देवाची योजना दिसली. जुना करार मानणारी माणसे इथे आधीच आहेत, तर त्यांना ख्रिस्तापर्यंत नेणे सोपे जाईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी बेने इस्राएल मुलांना शाळांत घेतले आणि त्यांच्यातल्या शिकलेल्यांना शिक्षक नेमले.

हिशेब चुकला. बेने इस्राएलांनी शिक्षण घेतले, मराठीतून छापलेला जुना करार उत्सुकतेने वाचला, आणि पुढे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याकडून हिब्रूही शिकून घेतली. या वाचनातून आपण यहुदी आहोत ही त्यांची जाणीव जास्तच पक्की झाली. ख्रिस्ती झाले ते क्वचित कोणी. अलिबागला जन्मलेले हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यांच्यासारखे लेखक-शिक्षक याच शिक्षणाच्या वातावरणात घडले. मिशनऱ्यांनी जे मागितले ते त्यांना मिळाले नाही. जे घडले ते मात्र त्या समाजाच्या दृष्टीने फार मोलाचे होते, आणि हे श्रेय मिशनला मोकळेपणाने द्यायला हवे.

या सगळ्या वर्षांत मिशनच्या घरांतून मरण हटत नव्हते. बंगालमध्ये १८१७ साली उसळलेली पटकीची साथ पुढच्या वर्षी मुंबईत पोहोचली आणि मग दर काही महिन्यांनी डोके वर काढू लागली. न्यूवेल यांना ३० मे १८२१ रोजी पटकीने काही तासांत नेले. ठाण्याला काम करणारे जॉन निकोल्स डिसेंबर १८२४ मध्ये वारले, आणि नव्याने आलेले एडमंड फ्रॉस्ट १८२५ मध्ये. हॉल यांनी १८१६ मध्ये मुंबईतच मार्गारेट लुइस या इंग्रज बाईंशी लग्न केले होते. मुलांच्या प्रकृतीसाठी १८२५ मध्ये त्या दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. हॉल यांनाही जाता आले असते. पण कामाला ॲलन ग्रेव्ह्ज आणि मुद्रक जेम्स गॅरेट एवढेच उरले होते, म्हणून ते मागे राहिले. दोन मुलांपैकी एक वाटेत समुद्रावरच वारला. नवरा-बायकोची पुन्हा भेट झाली नाही.

फेब्रुवारी १८२६ मध्ये हॉल यांनी मराठी बोलणाऱ्या सव्वा कोटीच्या आसपास लोकांसाठी अमेरिकेला एक कळकळीचे आवाहन लिहिले : माणसे पाठवा. मार्चच्या आरंभी ते दोन तरुणांना बरोबर घेऊन नाशिककडे निघाले. नाशिकात पटकीने थैमान घातले होते. प्रेते उचलायला माणसे पुरत नव्हती. हॉल यांनी बरोबरची पुस्तके वाटली, आणि पुस्तकांहून जास्त औषध वाटले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे अफूचा अर्क, कॅलोमेल अशी ती औषधे असत. काही दिवसांत पेटी जवळजवळ रिकामी झाली तेव्हा ते परत फिरले.

१९ मार्चच्या संध्याकाळी ते वाटेवरच्या एका खेड्यात थांबले. मिशनच्या नोंदींत त्याचे नाव डोर्ली-धापूर असे येते. देवळाच्या पडवीत चटई टाकून ते झोपले. पहाटे चारच्या सुमाराला त्यांना पटकीची कळ आली. उरलेले थोडे औषध त्यांनी घेतले, ते पोटात टिकले नाही. आपण वाचणार नाही हे ओळखून त्यांनी बरोबरच्या तरुणांना आपल्या वस्तूंचे काय करायचे ते सांगितले, दफन कसे करायचे ते सांगितले, जमलेल्या गावकऱ्यांशी ते मराठीतून बोलले, पत्नी-मुलांसाठी आणि सहकाऱ्यांसाठी प्रार्थना केली. देवाचे गौरव असो, असे ते तीनदा म्हणाले आणि दुपारी त्यांचा प्राण गेला. तारीख २० मार्च १८२६. बेचाळीस पूर्ण व्हायला तीन आठवडेही उरले नव्हते. शवपेटी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. बरोबरच्या तरुणांनी देह घोंगडीत गुंडाळून पुरला आणि बातमी घेऊन मुंबईची वाट धरली.

तेरा वर्षांच्या कामानंतर हॉल यांच्यामागे बाप्तिस्मा घेतलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. ज्या मोजमापाने अमेरिकेतली चर्चे मिशनचा हिशेब मांडत, त्याने हे अपयशच होते, आणि तसे बोलणारेही तिकडे होते. पण हॉपकिन्सच्या शिकवणीत वाढलेल्या माणसाला फळाची हमी कधीच दिलेली नव्हती. काम आपले, फळ देवाचे, ही भूमिका त्यांनी निघण्यापूर्वीच घेतलेली होती. तिच्यामुळे तेरा वर्षांच्या अनुत्तरित उपदेशानंतरही हॉल यांचा सूर कडवट झाला नाही. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पुरा झाला.

हॉल यांचे आवाहन अमेरिकेत पोहोचले ते त्यांच्या मृत्यूच्या बातमीसह. १८२७ मध्ये नवी माणसे मुंबईला आली. त्यांत डेव्हिड ऑलिव्हर ॲलन आणि सायरस स्टोन हे दोघे होते, आणि डिसेंबरच्या अखेरीस उतरलेल्या सिंथिया फरार होत्या. बोर्डाने मिशनरी म्हणून परदेशी पाठवलेल्या या पहिल्या अविवाहित स्त्री. मुंबईत १८२४ मध्ये मिशनने मुलींची शाळा काढली होती, तिच्यासारख्या शाळांचे काम फरारबाईंकडे आले. १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरला ठाणे उघडले. काही वर्षांनी फरारबाई तिथे गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. मुलींना शिकवण्यात त्यांची सुमारे साडेतीन दशके गेली. त्यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहायला एक तरुण आपले स्नेही सदाशिव गोवंडे यांच्यासोबत गेला होता. पुण्याला परतल्यावर १८४८ मध्ये त्या तरुणाने, जोतीराव फुले यांनी, बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली.